घोडामैदान जवळच आहे!

पूर्वी सामना आधी खेळला जाई आणि त्याची चर्चा मागाहून होई. हा क्रम आता पार उलटला आहे. आता चर्चा आधी होते, महिना-दीड महिना होते, सकाळ-संध्याकाळ होते, आणि सामना हा त्या चर्चेला जोडलेला एक शेपूट म्हणून उरतो. कोण जिंकणार, किती गुणांनी जिंकणार, कोणता खेळाडू चमकणार, कोणता ढेपाळणार, याची भाकिते इतक्या ठणकावून केली जातात की प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्या पोरांना वाटावे, आपण उगाच घाम गाळतो आहोत. निकाल तर लागून गेला! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्याने रचली त्याला आमच्या क्रीडासमीक्षकांचे पूर्वज ठाऊक असले पाहिजेत.

कुणी म्हणेल, एवढे रागावण्यासारखे यात काय आहे? पंचांगातले वर्षफल जसे कुणी मनावर घेत नाही, तशीच ही भाकिते. मी मात्र ती मनावर घेतो, आणि वाचकांनीही घ्यावीत असा माझा आग्रह आहे. कारण या भाकितांच्या धंद्यातून एक विचार जन्माला आला आहे आणि तो विषारी आहे. तो विचार असा, की जगातले संघ आणि माणसे यांचे दोन वर्ग असतात : एक जिंकणारांचा, दुसरा हरणारांचा, आणि दुसऱ्या वर्गातला कुणी जिंकलाच तर तो चमत्कार समजावा, त्याला टाळ्या द्याव्यात, हार घालावा आणि विसरून जावे. या चमत्काराच्या कल्पनेवरच मला हल्ला करायचा आहे.

आमच्या भागातला शेतकरी एक भाकीत फार चांगले ओळखतो. त्याचे जुने नाव आणेवारी, हल्लीचे पैसेवारी. पीक शेतात उभे असतानाच सरकारी यंत्रणा नजरेने अंदाज बांधते आणि रुपयात किती पैसे पीक येईल ते जाहीर करते. ती पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाच्या सवलती अवलंबून असतात. या नजर-अंदाजाला आम्ही पुष्कळ शिव्या दिल्या आहेत आणि पुढेही देऊ. पण एक गोष्ट सरकारच्या बाजूने कबूल केली पाहिजे. नजर-अंदाजानंतर सुधारित पैसेवारी येते, पीक कापणीचे प्रयोग होतात आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. म्हणजे महसूल खात्याला निदान आपल्या पहिल्या बोलण्याचा हिशेब शेवटी द्यावा लागतो. क्रीडाभाकितांच्या राज्यात सगळी नजर आणेवारीच असते; अंतिम आकडा कुणी कधी छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी ज्याने एक सांगितले, तोच सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अगदी उलटे सांगतो, आणि दोन्ही वेळा त्याच्या आवाजात तोच आत्मविश्वास असतो.

या धंद्याचे माहेर पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. तेथील कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा दर मार्च महिन्यात भरते आणि त्या महिन्याला ते लोक स्वतःच 'मार्चचे वेड' म्हणतात. मुख्य फेरीत ६४ संघ असतात आणि हरला तो घरी गेला या नियमाने ६३ सामने खेळले जातात. लक्षावधी माणसे स्पर्धेआधी कागद घेऊन बसतात आणि ६३ च्या ६३ निकाल भरून टाकतात. आता साधे गणित करा. प्रत्येक सामन्याचे निकाल दोन. तेव्हा ६३ सामन्यांचे तक्ते किती प्रकारचे होतील? ही संख्या सुमारे ९२ परार्ध भरते. आपल्या 'लीलावती'त संख्यास्थानांची जी नामावळी दिली आहे ती परार्धापाशीच संपते. त्या परार्धाची ही ९२ पट! सगळा तक्ता अचूक भरल्याचा पडताळलेला दाखला आजवर एकही नाही. २०१९ साली एका गृहस्थाचे पहिले ४९ अंदाज ओळीने बरोबर आले म्हणून केवढा गवगवा झाला, पन्नासावा चुकला.

या स्पर्धेत चार गट असतात आणि प्रत्येक गटात संघांना पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत मानांकन देतात. पुरुषांच्या स्पर्धेत १९८५ पासून ही पद्धत आली. त्यानंतर सोळाव्या क्रमांकाच्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवायला २०१८ साल उजाडावे लागले. दुसऱ्यांदा हे घडले ते २०२३ च्या मार्चमध्ये. न्यू जर्सीतल्या फेअरली डिकिन्सन नावाच्या विद्यापीठाने बलाढ्य पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. पर्ड्यूकडे सात फूट चार इंच उंचीचा झॅक ईडी होता आणि फेअरली डिकिन्सनचा संघ त्या वरच्या श्रेणीतल्या सगळ्या संघांमध्ये उंचीने सर्वांत ठेंगणा होता. दुसऱ्या दिवशी सर्वत्र एकच शब्द : चमत्कार.

परंतु वाचकहो, हा चमत्कार होता काय? त्या ठेंगण्या संघाचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन यांनी आदल्या सामन्यानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत आपल्या पोरांना सांगितले होते, की पर्ड्यूचा खेळ मी जितका अधिक पाहतो तितके मला वाटते की आपण यांना हरवू शकतो. हे वाक्य नीट ऐकावे. त्या माणसाने ग्रह पाहिले नव्हते, त्याने खेळ पाहिला होता. लाखो भाकितकारांनी फक्त मानांकनाचा आकडा पाहिला. ज्याने पाहिले त्याला दिसले. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी चमत्कार म्हटले. या कथेचा शेवटही मासलेवाईक आहे. पुढच्याच सामन्यात तो संघ हरला आणि चार दिवसांत त्या प्रशिक्षकाला दुसऱ्या, अधिक नावाजलेल्या कॉलेजाने उचलून नेले. चमत्काराचे कौतुक करणाऱ्या जगाने चमत्कार करणाऱ्या संघाजवळ त्याचा गुरूही ठेवला नाही.

अशा अनपेक्षित विजेत्याला इंग्रजीत 'डार्क हॉर्स' म्हणतात आणि आमची वृत्तपत्रे तो शब्द मोठ्या हौसेने वापरतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. डिझरायलीने १८३१ च्या आपल्या एका कादंबरीत तो वापरला आणि पुढे तो राजकारणात, खेळात सगळीकडे पसरला. अर्थ असा की ज्याची कुणाला माहिती नाही असा घोडा. आता आमच्या नंदुरबार जिल्ह्याला घोड्याबद्दल कुणी शिकवू नये. तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तेथे देशभरातून घोडे येतात. वर्तमानपत्रांत दरवर्षी ठरलेली बातमी असते, की अमुक घोड्याची किंमत इतके कोटी. ती किंमत सांगितलेली असते, मोजलेली नव्हे! कोट्यवधींच्या घोड्याभोवती फोटो काढणारांची झुंबड उडते आणि खरा घेणारा चार पावले पलीकडे दुसऱ्या घोड्याचे दात मोजत असतो, खूर उचलून पाहत असतो, त्याला चालवून, पळवून, वळवून बघत असतो. त्याला विचारा की 'डार्क हॉर्स' म्हणजे काय. तो म्हणेल, घोडा कधी अंधारात नसतो. त्याला दाणा घालणाऱ्याला तो पुरता ठाऊक असतो. अंधार असतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

माझा सारा मुद्दा या एका वाक्यात आहे. 'दुबळा संघ', 'अनपेक्षित वीर' ही विशेषणे खेळाडूची नाहीत, आपली आहेत. आपण ज्याच्याकडे पाहिले नाही त्याला आपण दुबळा म्हणतो. आपले अज्ञान त्याच्या कपाळावर लिहितो आणि तो जिंकला की त्या अज्ञानालाच चमत्कार असे गोंडस नाव देतो.

पटत नसेल तर आपल्याच घरातली उदाहरणे घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तेव्हापासून आजतागायत ही कथा आपण चमत्कारकथा म्हणून सांगत आलो. पण हेच खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते! जो मल्ल मॅटची सवय नसताना जगात सहावा येतो, तो चार वर्षांनी तिसरा आला तर त्यात चमत्कार कोठे आहे? जे पाहायला तयार होते त्यांना ते दिसले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ते काही वर्षफल वाचून नव्हे. पुष्कळांनी वर्गणीसाठी हात आखडले. मिरवणुकीसाठी मात्र सगळे पुढे. आणि मिरवणूक संपल्यावर? खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. चमत्कार म्हटले की ऋण फिटते. कर्तृत्व म्हटले तर फेडावे लागते. आपण शहाणपणाने पहिला शब्द निवडला.

१९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाचेही असेच. कपिल देवच्या संघाला कुणी मोजत नव्हते. डेव्हिड फ्रिथ या इंग्रज संपादकाने तर भारतासारख्या संघाने सुधारावे, नाही तर स्पर्धेत येऊच नये अशा अर्थाचे लिहिले होते. २५ जूनला लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा करून वेस्ट इंडीजला १४० त गुंडाळले आणि जग थक्क झाले. थक्क का व्हावे? त्याच वर्षी २९ मार्चला बर्बिसला, वेस्ट इंडीजच्याच घरी, भारताने त्यांना २७ धावांनी हरवले होते. त्याच स्पर्धेतला पहिला सामनाही भारताने त्यांच्याविरुद्ध ३४ धावांनी जिंकला होता. तीन महिन्यांत तीन पुरावे समोर आले. पैकी दोन डोळ्यांआड केले आणि तिसऱ्याला चमत्कार म्हटले! फ्रिथच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे. एका वाचकाने त्याला आपले शब्द गिळायला सांगितले, तेव्हा त्याने तो छापील कागद खरोखरच दारूच्या घोटाबरोबर खाल्ला आणि तसा फोटो आपल्या मासिकात छापला. भाकितकारांच्या साऱ्या जमातीत अंतिम पैसेवारी जाहीर करणारा एवढा एकच माणूस मला माहीत आहे. आपल्याकडे ही प्रथा पडली तर कागदाचा तुटवडा होईल.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याचे उदाहरण अगदी ताजे. राष्ट्रकुल स्पर्धांत तीन हजार मीटर स्टीपलचेसची तिन्ही पदके १९९८ पासून २०१८ पर्यंत दर वेळी केनियाकडे गेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळेने रौप्यपदक घेतले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. पुन्हा तोच शब्द, चमत्कार. पण या शिपाईगड्याने २०१८ साली ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता आणि तेव्हापासून तो आपलाच विक्रम पुन्हापुन्हा मोडत होता. ते सारे आकडे छापलेले होते. ते वाचायला मात्र भाकिताइतकी मजा येत नाही.

आता लिलावाकडे वळू, कारण लिलाव म्हणजे रुपयांत केलेले भाकीत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. मातीतला हुतुतू मॅटवर गेला, दिव्यांच्या झगमगाटात गेला. २०१८ साली मोनू गोयतवर हरियाणाच्या संघाने १ कोटी ५१ लाख रुपये लावले. तो संघ आपल्या गटात तळाला राहिला. २०२२ साली पवन सेहरावतवर तमिळ थलैवाज या संघाने २ कोटी २६ लाख लावले; पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. सगळ्यांनी त्या संघाच्या नावाने पाणी सोडले. तोच संघ त्या वर्षी प्रथमच उपांत्य फेरीत पोचला! पुढल्या हंगामासाठी त्याच पवनवर तेलुगू टायटन्सनी २ कोटी ६० लाखांवर रक्कम मोजली. तो संघ २२ पैकी २ सामने जिंकून शेवटचा आला. यात पवनचा काडीचा दोष नाही. त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने २०२३ साली हांगझोला आशियाई सुवर्णपदक जिंकले. दोष आहे तो किमतीला गुणवत्ता समजणाऱ्यांचा. सात जणांच्या खेळाला एका माणसाच्या भावाने तोलणारांचा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. पुण्याची पलटण १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेती झाली, तेव्हा तिच्यातही २ कोटी ३५ लाखांचा इराणी खेळाडू शादलू होता. मग पैसा चुकला कोठे? मी म्हणतो, चुकला नाही. पण एकटा पुरलाही नाही. त्या पलटणीचा कप्तान अस्लम इनामदार अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. तो आणि त्याचे तरुण सोबती त्या संघाने लहान वयात हेरले, एकत्र ठेवले, घडवले. भारी घोडा विकत घेता येतो, पागा विकत मिळत नाही; ती वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. दुसरा आक्षेप असा की या झगमगाटामुळेच कबड्डीपटूला चार पैसे मिळू लागले. अगदी मान्य. रेल्वे, पोलीस किंवा बँकेतली नोकरी हेच ज्यांचे शेवटचे स्वप्न होते, त्यांना आज त्याहून मोठे स्वप्न पडते, याचा मला आनंदच आहे. माझे भांडण लीगशी नाही, लीगभोवती जमलेल्या ज्योतिष्यांशी आहे.

आणि या ज्योतिषाची दक्षिणा कोण देतो? गावातला पोरगा देतो. फोनवर अकरा खेळाडू निवडा, पैसे लावा, कोट्यधीश व्हा, अशी हाक त्याला वर्षानुवर्षे घातली गेली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असे ठरवले, आणि २०२३ पासून अशाच एका कंपनीचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर झळकले. कौशल्य खरे, पण कुणाचे? मैदानात पळणाऱ्याचे की पारावर बसून बोट फिरवणाऱ्याचे? शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्या कंपन्यांनी पैशांचे खेळ आटोपते घेतले. पण कायद्याने दुकान बंद होते, चटक बंद होत नाही. निकाल आधी कळू शकतो ही खोटी श्रद्धा ज्यांनी पेरली ते अजून रोज सकाळी नवे भाकीत घेऊन हजर आहेत. त्यांच्यावर कसला कायदा लावणार? त्यांच्यावर वाचकांचा रागच लागू केला पाहिजे.

कळसाडीसारख्या गावातून पाहिले म्हणजे या प्रकाराची दुसरी, अधिक क्रूर बाजू दिसते. सातपुड्याच्या आश्रमशाळांतली मुले-मुली दरवर्षी खेळतात. तळोदा आणि नंदुरबार या आदिवासी प्रकल्पांच्या स्पर्धा होतात, तेथून नाशिक विभाग, तेथून राज्य. कबड्डी, खो-खो, धावणे सगळे होते. यांच्याविषयी भाकीत कुणी करीत नाही, हे एक परी बरेच. पण निकालही कुणी नीट छापत नाही. एखादी पोर फार पुढे गेली तरच तिच्याकडे कॅमेरा वळतो, आणि मग मथळा ठरलेला : 'अनवाणी धावली आणि जिंकली!' मला या मथळ्याची चीड आहे. अनवाणी असणे हा गुण नव्हे. अनवाणी असणे म्हणजे कुणीतरी बूट दिले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. जे आपल्या निष्काळजीपणाचे लेखी प्रमाणपत्र आहे, त्याला आपण तिचा अलंकार करून टाकतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तिला आपण 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटले आणि खूष झालो. पण तिच्यामागे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. ती मेहनत सांगितली तर प्रश्न येतो, असे प्रशिक्षक धडगावला का नाहीत, अक्कलकुव्याला का नाहीत? चमत्कार सांगितला की प्रश्न येत नाही. देवाने एक पोर दिली, आणखी एक देईल. आपण वाट पाहू!

म्हणून माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही अगदी व्यवहाराच्या आहेत. पहिली : जो भाकीत छापील त्याने हंगामाच्या शेवटी आपली अंतिम पैसेवारीही तितक्याच ठळक अक्षरांत छापावी, किती सांगितले, किती खरे ठरले. दुसरी : भाकिताला जेवढे रकाने तेवढे तालुक्याच्या आणि आश्रमशाळांच्या स्पर्धांच्या निकालांना द्यावेत, नाव, वेळ, गुण, सगळे. पाच वर्षे हे झाले तर एकही घोडा अंधारात राहणार नाही. तिसरी : सत्कारासाठी जमवायची वर्गणी सामन्याआधी जमवावी आणि तिचे बूट, मैदानावरचा मुरूम आणि खेळणाऱ्याच्या पोटातले दूध करावे. खर्डेकरांनी घर गहाण टाकले. आपल्याला कुणी तेवढे मागत नाही.

आणि उद्या सातपुड्यातल्या एखाद्या मुलीने मोठे मैदान मारले, तर कृपा करून कुणी डोळे विस्फारू नयेत. तिला विचारावे, बाई, तू इतकी वर्षे पळत होतीस, तेव्हा आम्ही कोठे पाहत होतो? या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे नाही, आपल्याला द्यायचे आहे. आणि ते तयार ठेवलेले बरे. घोडामैदान जवळच आहे.